मोठ्या आतड्याचं वेळापत्रक: मोजायचं कसं, सुधारायचं कसं

“काल रात्री वांग्याचं भरीत खाल्लं, म्हणून आज पोट साफ झालं नाही.” पुण्यातल्या कितीतरी घरांत सकाळी सात वाजता हे वाक्य ऐकू येतं आणि बहुतेक वेळा ते चूक असतं. कालचं भरीत सकाळी सातपर्यंत फार तर मोठ्या आतड्याच्या तोंडाशी, म्हणजे उजव्या ओटीपोटात पोहोचलेलं असतं. आज जे बाहेर पडलं, किंवा पडलं नाही, ते कालच्या आधीचं. अन्नाचा न पचलेला भाग मोठ्या आतड्यात सरासरी ३० ते ४० तास काढतो, आणि ७० तासांपर्यंत काढला तरी त्याला आजार म्हणत नाहीत.

हा हिशेब डोक्यात नसला की माणूस रोज उपाय बदलतो. सोमवारी इसबगोल, मंगळवारी एरंडेल, बुधवारी पपई. आणि गुरुवारी पोट मोकळं झालं की श्रेय गुरुवारच्या कोमट पाण्याला. म्हणून या सगळ्या मजकुरातला एक नियम आधीच सांगतो: एका वेळी एकच बदल करायचा आणि त्याला किमान चार दिवस द्यायचे. शौचातून रक्त जात असेल, वजन आपोआप उतरत असेल किंवा पोट फुगून वाराही सरत नसेल, तर मात्र पुढचं काही करून बघू नका. शेवटचा भाग आधी वाचा.

आत काय चालतं

मोठं आतडं लांबीला जेमतेम दीड मीटर. लहान आतडं सहा मीटरच्या आसपास असतं. ‘मोठं’ हे नाव रुंदीमुळे. सुरुवात उजव्या ओटीपोटात, जिथे अपेंडिक्स लटकतं तिथे. तिथून ते वर यकृताखाली जातं, पोटातून आडवं डावीकडे जातं, डाव्या कुशीने खाली उतरतं, ओटीपोटात वळण घेतं आणि गुदाशयात संपतं. डाव्या बरगडीखालच्या वळणावर गॅस अडकतो, तिथे दाब येतो, आणि घाबरलेला माणूस हृदय समजून दवाखान्यात जातो. उलटं करण्यापेक्षा हे बरं. छातीत दाब, घाम, डाव्या हातात कळ असेल तर ‘गॅस असेल’ म्हणून ओवा चघळत बसू नये.

अन्न इथे पोहोचेपर्यंत पचनाचं मुख्य काम उरकलेलं असतं. पिष्ट, प्रथिनं, चरबी यांतलं बहुतेक लहान आतड्याने घेतलेलं असतं. मोठ्या आतड्याकडे रोज सुमारे एक ते दीड लिटर पातळ ऐवज येतो. त्यातलं मीठ ते परत ओढून घेतं, मिठामागे पाणी जातं, आणि शेवटी शे-दोनशे ग्रॅम मळ उरतो. गरज पडली तर दिवसाला चार-पाच लिटर पाणीही ते शोषू शकतं. बद्धकोष्ठाचं मूळ याच कामात आहे: मळ जितका रेंगाळेल तितकं पाणी जातं, जितका कोरडा होईल तितका तो आणखी रेंगाळतो.

दुसरं काम आंबवण्याचं. उजव्या भागात कोट्यवधी जिवाणू चोथ्यावर, म्हणजे फायबरवर, जगतात. ते चोथा फोडून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही छोटी मेदाम्लं तयार करतात. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन म्हणजे हे ब्युटिरेट. रक्तातून येणाऱ्या साखरेपेक्षा त्या यावरच जास्त चालतात. शिवाय हे जिवाणू थोडं ‘के’ जीवनसत्त्व बनवतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेन हे वायू सोडतात. या तिन्हींना वास नसतो. वास येतो तो गंधकाच्या संयुगांमुळे, आणि ती अगदी नगण्य प्रमाणात असतात. मळाचा पाण्याशिवाय उरलेला भाग पाहिला तर त्यात मोठा वाटा जिवाणूंचाच. म्हणून दोन दिवस कडक उपास केला तरी शौचाला होतं.

तिसरं काम साठवायचं आणि ढकलायचं. दिवसातला बहुतेक वेळ आतडं ऐवज मागेपुढे घुसळत बसतं. खऱ्या अर्थाने पुढे ढकलणारी मोठी लाट दिवसातून एक ते तीन वेळाच येते: उठल्यानंतर आणि जेवणानंतर. झोपेत हे सगळं थंडावतं. ही लाट चुकवली की दुसरी लगेच येत नाही.

जाता जाता एक गैरसमज. ‘आतड्याला वर्षानुवर्षांचा मळ चिकटलेला असतो, तो धुऊन काढा’ अशा जाहिराती शहरभर दिसतात. आतड्याचं अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवं होतं. जुन्या पेशी गळून मळातच जातात. चिकटून बसायला तिथे काही टिकतच नाही. कॉफीचे एनिमा, नळीने आतडं धुणं यांतून क्षारांचं संतुलन बिघडणं आणि क्वचित आतड्याला भोक पडणं एवढंच पदरात पडू शकतं.

आधी मोजा

उपाय सुरू करण्यापूर्वी आठवडाभर नोंद ठेवा. फोनमध्ये रोज तीनच गोष्टी लिहायच्या: वेळ, मळाचा प्रकार, कुंथावं लागलं का.

प्रकारासाठी ब्रिस्टल तक्ता वापरा. १९९७ साली प्रसिद्ध झालेला हा सात पायऱ्यांचा तक्ता जगभरचे डॉक्टर वापरतात. १ म्हणजे लेंड्यांसारखे सुटे कडक खडे. २ म्हणजे गुठळ्या चिकटून झालेला लांबट मळ. ३ लांबट, वरून भेगाळलेला. ४ लांबट, गुळगुळीत, मऊ. ५ मऊ, सुटे तुकडे, कडा स्पष्ट. ६ विस्कटलेला, लगद्यासारखा. ७ निव्वळ पाणी. ३ आणि ४ हे ध्येय. १-२ म्हणजे आतड्यात फार वेळ थांबलेला मळ, ६-७ म्हणजे पाणी शोषायला वेळच न मिळालेला. रोज होतं की नाही यापेक्षा हा आकडा जास्त सांगून जातो. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, इतक्या पट्ट्यात सगळं नॉर्मल धरतात. एक दिवसाआड होतं, पण ४ नंबरचं आणि विनासायास होतं, तर तुम्हाला बद्धकोष्ठ नाही. घरातल्या ज्येष्ठांचं मत काहीही असो.

वेग मोजायला मक्याचं कणीस उत्तम. दाण्याचं साल पचत नाही, म्हणून ते जसंच्या तसं बाहेर दिसतं. चार दिवस मका, स्वीट कॉर्न बंद ठेवा. मग अर्धं उकडलेलं कणीस खा, त्यातले दहा-बारा दाणे नीट न चावता गिळा आणि वेळ लिहून ठेवा. पावसाळ्यात सिंहगडावर किंवा खडकवासल्याच्या चौपाटीवर मिळणारं भाजलेलं कणीसही चालतं, फक्त तिखट-लिंबू बेताने. पहिले दाणे साधारण १२ ते ४८ तासांत दिसले तर वेग ठीक. तीन दिवसांनंतरही एक दाणा नाही, तर आतडं खरोखर संथ आहे. मक्याऐवजी बीट चालतं, पण बीटाने काहींची लघवीही गुलाबी होते, आणि मूळव्याधीचं रक्त जात असेल तर बीटाचा लाल आणि रक्ताचा लाल ओळखता येत नाही. अशांनी मकाच घ्यावा.

ही चाचणी डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेत नाही. तिचा खरा फायदा असा की वेळेचा अंदाज एकदा आला की माणूस कालच्या वांग्याला दोष देणं थांबवतो.

चोथा: किती, कशातून, किती वेगाने

प्रौढाला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम फायबर हवं. पोहे, तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, वरण-भात, संध्याकाळी चहा-बिस्किट आणि मधे एखादा वडापाव असा दिवस धरला तर बेरीज पंधरा-सोळाच्या पुढे फारशी जात नाही. उरलेलं कुठून आणायचं ते पुढे. आकडे अंदाजाचे आहेत, कारण भाकरीचा आकार घरागणिक वेगळा.

ज्वारीच्या किंवा बाजरीच्या पिठात १०० ग्रॅममागे १० ते ११ ग्रॅम चोथा असतो. ६० ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे ६ ग्रॅम. गव्हाच्या गिरणीतून दळून आणलेल्या कणकेतही जवळजवळ तेवढाच, पण ती चाळून कोंडा टाकला नाही तर. बारीक चाळणीने चाळायची सवय असेल तर आधी तीच सोडा. हा सगळ्यात स्वस्त बदल आहे. मैद्यात आणि पांढऱ्या तांदळात शंभर ग्रॅममागे तीनच्या आत, आणि शिजवलेल्या भाताच्या वाटीत जेमतेम एक ग्रॅम.

मटकी, मूग, हरभरा, राजमा ही कडधान्यं चोथ्याची कोठारं. ३० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ, म्हणजे एक वाटी, साडेचार ते पाच ग्रॅम देते. मेथी, शेपू, चवळई, गवार यांची शंभर ग्रॅम भाजी चार-पाच ग्रॅम. मध्यम पेरू सहा ते आठ, तोही सालीबियांसकट. जवसाची चटणी मोठा चमचाभर घेतली तर अडीच. काकडीची कोशिंबीर चांगली, पण तिच्यात पाणी जास्त आणि चोथा थोडा. ‘मी रोज सॅलड खातो’ म्हणणाऱ्यांचं बद्धकोष्ठ याच कारणाने टिकून राहतं.

म्हणजे दोन भाकऱ्या, वाटीभर उसळ, पालेभाजी, एक पेरू आणि चटणी एवढ्यात तीस ग्रॅमचा हिशेब जमतो. पावडरचा डबा लागत नाही. पुरंदरचे अंजीर हंगामात ताजे खावेत. एरवी दोन-तीन सुके अंजीर रात्री भिजवून सकाळी, भिजवलेल्या पाण्यासकट. चोथ्याबरोबर त्यात नैसर्गिक साखरही असते. मधुमेह असेल तर अंजिरापेक्षा पेरू बरा.

आता जिथे सगळे चुकतात ती गोष्ट. पंधरावरून तीसवर एका दिवसात उडी मारू नका. उजव्या भागातल्या जिवाणूंना नवा चोथा मिळाला की ते आनंदाने गॅस करतात, पोट तंबोऱ्यासारखं फुगतं, आणि माणूस चौथ्या दिवशी ‘मला कडधान्यं सोसत नाहीत’ असा कायमचा निकाल देऊन मोकळा होतो. आठवड्याला पाचच ग्रॅम वाढवा. पहिला आठवडा: कणीक चाळणं बंद आणि दुपारी एक भाकरी. दुसरा: रोज अर्धी वाटी उसळ. तिसरा: पेरू किंवा पालेभाजी. चौथा: उसळ पूर्ण वाटी. एवढ्या अवधीत जिवाणूंची जमात बदलते आणि बहुतेकांचा गॅस कमी होतो.

कडधान्यांचा गॅस रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरांमुळे होतो. त्या पचवणारं विकर आपल्याकडे नसतं, जिवाणूंकडे असतं. आठ-दहा तास भिजवा, ते पाणी फेका, मोड आणा आणि पूर्ण मऊ शिजवा. या साखरा बऱ्याच उतरतात. मोड आलेली मटकी कच्ची खाणं पौष्टिक वाटतं, पण ज्याचं पोट आधीच फुगतं त्याने ते करू नये. मिसळीतल्या मटकीला दोष देण्याआधी वरचा तर्रीचा थर आणि फरसाण आठवावं: तेलाने जठर उशिरा रिकामं होतं आणि जडपणा येतो, त्याला मटकी जबाबदार नसते. दोन पावांच्या मैद्याचं तर बोलायलाच नको.

उपासाच्या दिवशी गणित पार कोसळतं. साबुदाण्यात चोथा जवळजवळ शून्य. खिचडीत जे काही मिळतं ते दाण्याच्या कुटातून. एकादशीला आणि नवरात्रात राजगिऱ्याची भाकरी, उकडलेलं रताळं सालासकट, लाल भोपळ्याची भाजी एवढं घातलं तरी दशमीचं पोट द्वादशीला अडत नाही. दिवाळीनंतरच्या आठवड्यात करंजी-शंकरपाळी खाऊन पोट आवळतं, तेही याच जातीचं: मैदा, तेल, आणि फराळाने भूक मेल्यामुळे भाजी-भाकरी कमी.

पाण्याबद्दल थोडं

दिवसाला दोन ते अडीच लिटर एकूण द्रव पुरतं, उन्हाळ्यात थोडं जास्त. त्याहून जास्त पाणी प्यायल्याने मळ मऊ होत नाही. जास्तीचं पाणी लहान आतडं शोषून घेतं आणि मूत्रपिंड बाहेर टाकतं. मळात पाणी राहतं ते कशाने तरी धरून ठेवलं तर, आणि धरून ठेवण्याचं काम चोथ्याचं. उलट चोथा वाढवला आणि पाणी नाही वाढवलं, तर मळ आणखी घट्ट होतो. दोन्ही बरोबर वाढवायचं. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर ती मर्यादा पाळायची आणि चोथाही डॉक्टरांना विचारूनच वाढवायचा.

सकाळचं कोमट पाणी काम करतं, पण धुवून काढत नाही. जठर ताणलं गेलं की मोठ्या आतड्याला लाट सोडण्याचा निरोप जातो. हा निरोप कोमट पाण्याने, चहाने, नाश्त्याने, कशानेही जातो. कॉफीने थोडा जोरात जातो.

वेळ, बैठक आणि कळ

वरचा निरोप सकाळी नाश्त्यानंतर १५ ते ३० मिनिटांत सगळ्यात जोरदार असतो. शौचाला बसायची वेळ तीच ठरवा. साडेसहाला उठून लगेच ‘प्रयत्न’ करण्यापेक्षा उठणं, पाणी, चहा-नाश्ता आणि मग शौच हा क्रम अनेकांना लागू पडतो. त्यासाठी घर अर्धा तास आधी जागं करावं लागतं. हिंजवडीची बस किंवा शाळेची व्हॅन पकडायची असेल तेव्हा हीच गोष्ट सगळ्यात आधी बळी जाते.

कळ आली आणि दाबली तर गुदाशय सैल होऊन जागा करून देतो, कळ विरते, मळ तिथेच थांबून पाणी गमावत राहतो. महिनोन्‌महिने असं केलं की गुदाशयाची जाणीवच बोथट होते. पुण्यातल्या शाळकरी मुलांचं बद्धकोष्ठ पुष्कळदा इथून सुरू होतं: शाळेतला संडास आवडत नाही, मूल दिवसभर धरून ठेवतं, मळाचा गोळा मोठा होतो, शौचाला दुखतं, दुखतं म्हणून ते आणखी धरून ठेवतं. चड्डीला डाग पडू लागले तर तो हट्ट किंवा आळस नाही. आत साठलेल्या मळाच्या बाजूने पातळ झिरपतं आहे. रागावू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

रात्रपाळी करणाऱ्यांचं आतडं झोपेच्या वेळेशी बांधलेलं असतं, घड्याळाशी नाही. पाळी आठवडाभर एकच असेल तर उठल्यानंतरचं पहिलं खाणं हा तुमचा नाश्ता समजा आणि बसायची वेळ त्यानंतर ठेवा. पाळ्या दर दोन दिवसांनी फिरत असतील तर आतड्याला लय सापडतच नाही. अशा वेळी निदान जेवणानंतर बसणं सोडू नये.

बैठकीबद्दल. गुदाशयाभोवती एक स्नायू पट्ट्यासारखा अडकलेला असतो आणि तो मार्ग वाकवून ठेवतो. उकिडवं बसलं की हा बाक सरळ होतो. म्हणून जुन्या भारतीय पद्धतीच्या संडासात कुंथावं कमी लागतं. कमोड असेल तर पायांखाली १५ ते २० सेंटिमीटर उंच काहीतरी घ्या. पाट पुरत नाही, तो फार बुटका. चौरंगाची उंची बरोबर येते (पूजेचा नको), किंवा अंघोळीचं ठेंगणं प्लॅस्टिकचं स्टूल. गुडघे कंबरेच्या वर, अंग थोडं पुढे, कोपरं मांड्यांवर. पोट आत ओढायचं नाही, सैल सोडून किंचित बाहेर ढकलायचं, श्वास रोखायचा नाही. पाच ते दहा मिनिटांत झालं नाही तर उठा. फोन बाहेर ठेवा. अर्धा तास कमोडवर बसून बातम्या वाचल्याने मूळव्याधीच्या शिरा फुगतात, दुसरं काही साधत नाही.

इसबगोल आणि औषधं

खाण्याने आणि वेळेने तीन-चार आठवड्यांत काम झालं नाही तर इसबगोलाचा भुसा. एक मोठा चमचा, म्हणजे सुमारे पाच ग्रॅम, मोठा पेलाभर (२५० मिलि) पाण्यात घालून लगेच प्यायचा, वर आणखी पेलाभर पाणी. फुगू द्यायचा नाही. पेल्यात गोळा झाला की गिळवत नाही. कोरडा भुसा तोंडात टाकून वर घोटभर पाणी पिणं धोक्याचं, कारण तो अन्ननलिकेत फुगून अडकू शकतो. निजताना अगदी शेवटी घेऊ नये. थायरॉइडची, मधुमेहाची, कुठलीही गोळी दोन तास अलीकडे-पलीकडे ठेवावी, नाहीतर ती भुशात अडकते. परिणाम १२ ते ७२ तासांत, म्हणून तीन दिवसांआधी मात्रा वाढवू नये. दुधातून घेतला तरी चालतो. काम पाणी धरण्याचं आहे, दुधाचं नाही.

त्यानंतर दुकानात मिळणारी औषधं. लॅक्टुलोजचं सरबत, १५ ते ३० मिलि, आतड्यात पाणी ओढून घेतं. एक-दोन दिवस लागतात, गॅस होतो. पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर, १७ ग्रॅम पेलाभर पाण्यात, घेतली तर गॅस त्यामानाने कमी होतो आणि ती दीर्घकाळ चालते. बिसाकोडिलची गोळी किंवा सोनामुखीचं चूर्ण आतड्याला चिमटा काढून हलवतं; रात्री घेतलं तर सहा ते बारा तासांत सकाळी. बिसाकोडिल दुधाबरोबर किंवा अँटासिडबरोबर घेऊ नका. वरचं आवरण जठरातच विरघळतं आणि मुरडा येतो.

‘आयुर्वेदिक, सवय लागत नाही’ असं लिहिलेल्या डब्याची मागची बाजू वाचा. त्रिफळा म्हणजे हिरडा, बेहडा, आवळा. घटकांत सोनामुखी, सनाय किंवा सेन्ना दिसली तर तुम्ही उत्तेजक रेचक घेत आहात, त्रिफळा नाही. वर्षानुवर्षं सोनामुखी घेतलेल्यांच्या आतड्याचं अस्तर दुर्बिणीत तपकिरी-काळं दिसतं. तो रंग निरुपद्रवी असतो, औषध सोडल्यावर काही महिन्यांत जातो. पण तो दिसला की डॉक्टरांना तुमचा न सांगितलेला डबा कळतो. आणखी एक गोष्ट: जोरदार रेचकाने आतडं पूर्ण रिकामं झालं की पुढचे दोन-तीन दिवस शौचाला होत नाही, कारण बाहेर टाकायला काही नसतं. लोक त्यालाच बद्धकोष्ठ समजून परत डोस घेतात आणि चक्र सुरू होतं.

सगळं करूनही होत नसेल तर

आधी औषधांची पिशवी उपडी करा. लोहाच्या गोळ्या (यांनी मळ काळाही होतो), कॅल्शियम, अ‍ॅल्युमिनियमचं अँटासिड, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं, रक्तदाबासाठीचं व्हेरापामिल ही नेहमीची कारणं. मग थायरॉइडची तपासणी. मधुमेह जुना असेल तर आतड्याच्या नसाही संथ होतात.

मळ मऊ आहे, कळ येते, तरी अर्धा तास कुंथावं लागतं, बोटाने काढावं लागतं, झाल्यावरही अर्धवट वाटतं? मग अडचण पुढे ढकलण्यात नसून दार उघडण्यात आहे. कुंथताना जो स्नायू सैल व्हायला हवा तोच आवळला जातो. इथे चोथा वाढवून उपयोग नाही, कधी त्रास वाढतोच. पोटविकारतज्ज्ञ गुदाशयाचा दाब मोजतात, छोटा फुगा बाहेर ढकलायला लावून बघतात, आणि बायोफीडबॅक नावाच्या सरावाने हा स्नायू सैल करायला शिकवतात. रेचकांपेक्षा तो सराव कामी येतो.

अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठांचं निराळं. कंबरेच्या हाडाच्या ऑपरेशननंतर आजींना आठ दिवस झालं नाही आणि नवव्या दिवशी पातळ जुलाब लागले, तर लोपेरामाइड ही जुलाब थांबवणारी गोळी देऊ नका. कोरडा गोळा गुदाशयात अडकून त्याच्या कडेने पातळ गळत असण्याची शक्यता मोठी आहे. बोटाने तपासल्याशिवाय औषध देऊ नये. हालचाल नसलेल्या माणसाला भरपूर इसबगोल देणंही चुकीचं. त्यांना पाणी ओढणारी औषधं बरी.

जुलाबात मोठ्या आतड्याचं शोषणाचं काम कोलमडतं आणि पाण्याबरोबर सोडियम, पोटॅशियम जातं; पायांत गोळे येतात, अशक्तपणा येतो. ओआरएसचं पाकीट लिटरभर पाण्यात, पूर्ण पाकीट एकदम. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. ताप किंवा रक्त असेल तर जुलाब थांबवणारी गोळी घेऊ नये. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिलान-बारे या नसा कमजोर करणाऱ्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जुलाब करणारा जिवाणू सापडला होता. म्हणून पाण्याबद्दल शंका असेल तर ते खळखळून उकळा, आणि जुलाबानंतरच्या आठवड्यांत पायांत मुंग्या येऊ लागल्या, जिना चढवेना झाला, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.

डॉक्टर आणि दुर्बीण

शौचातून रक्त, डांबरासारखा काळा मळ, पंचेचाळिशीनंतर अचानक बदललेली सवय, आपोआप उतरलेलं वजन, रक्तक्षय, झोपेतून उठवणारे जुलाब, घरात आई-वडील किंवा भावंडांना आतड्याचा कर्करोग: यांपैकी काहीही असेल तर घरगुती उपाय थांबवा. मूळव्याध आहे म्हणून रक्त जातंय असं स्वतः ठरवू नका. मूळव्याध आणि गाठ एकाच माणसाला असू शकते. पोट फुगलंय, उलट्या होताहेत, वाराही सरत नाही, तर ते आतडं अडकल्याचं लक्षण. रेचक घेतल्यास जीवावर बेतू शकतं, थेट तातडीच्या विभागात जा.

कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, सांगितली तर तपासणीपेक्षा तयारी अवघड असते, आणि तयारी कच्ची राहिली तर तपासणी परत करावी लागते. डॉक्टरांचा कागद प्रमाण. साधारण पद्धत अशी. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद. रक्त पातळ करणारी आणि मधुमेहाची औषधं किती आणि कधी, हे फोन करून विचारा. मनाने बंद करू नका. दोन-तीन दिवस आधीपासून आजवरचं सगळं उलटं: भाकरी, कडधान्यं, पालेभाजी, पेरू, तीळ, जवस, टोमॅटोच्या बिया बंद, वरचं पाणीदार वरण, पांढरा भात, दही चालतं. आदल्या दिवशी आरपार दिसेल असंच प्यायचं: शहाळ्याचं पाणी, गाळलेलं सूप, बिनदुधाचा चहा, लिंबूसरबत गाळून. ताक नाही, लाल किंवा जांभळं सरबत नाही, कारण तो रंग रक्तासारखा दिसतो.

पावडरचं द्रावण सहसा दोन भागांत देतात: निम्मं आदल्या संध्याकाळी, निम्मं तपासणीच्या पाच-सहा तास आधी पहाटे. थंड करून, दर दहा-पंधरा मिनिटांनी पेलाभर. मळमळलं तर अर्धा तास थांबून पुन्हा सुरू करा, सोडून देऊ नका. शेवटी लघवीसारखं पिवळट, आरपार पाणी आलं की तयारी झाली. अजून तपकिरी गढूळ येत असेल तर निघण्याआधी फोन करून सांगा. तपासणीच्या दोन तास आधी तोंडाने सगळं बंद, किंवा कागदावर लिहिलं असेल तेवढं आधी. गुंगीचं औषध देणार असतील तर घरी न्यायला माणूस हवा आणि त्या दिवशी दुचाकी चालवायची नाही. नंतर दिवसभर वारा सरतो, तो तपासणीत भरलेला. दोन-तीन दिवस शौचाला झालं नाही तर काळजी करू नका; मका परत खाल्ला तरी तो दिसायला नेहमीइतकेच तास लागतील. पण पोटात तीव्र दुखू लागलं, ताप आला किंवा वाटीभर रक्त गेलं, तर वाट न बघता तपासणी केली तिथे परत जा.